न सोडलेली वेणी

कार्यक्रमाच्या दिवशी नाचणारी मुलगी समोर येऊन बसली, की शेवंताअक्का सर्वप्रथम तिच्या आईने घरून घालून दिलेली वेणी सोडत असत. ती वेणी चांगली आहे की वाईट, हे त्या पाहतसुद्धा नसत. मुलीला आरशाकडे पाठ करून बसवायचे, "डोया मीट" म्हणून डोळे मिटवायला लावायचे, एका हाताने मागचे रबर ओढून काढायचे आणि दुसऱ्या हाताच्या बोटांनी पेड उलगडायला लागायचे. पहाटे उठून, तेल लावून, निगुतीने वेणी घालून देणारी आई तिथेच उभी असे. तिचे तोंड उतरे. एखादी धीट बाई म्हणे, "अक्का, बघा तरी एकदा. चांगली घट्ट घातली आहे मी." त्यावर अक्कांचे उत्तर ठरलेले होते. "मायनी येनी ढिलीच ऱ्हास. तिले वाटस, पोरले दुखी."

आईची वेणी सैलच राहते, कारण मुलीला दुखेल अशी आईला भीती वाटते, असा त्या बोलण्याचा अर्थ. अक्का मूळच्या शिंदखेड्याकडच्या असल्यामुळे त्यांची बोली शेवटपर्यंत खानदेशीच राहिली. मी स्वतः प्रमाण भाषेचा आग्रह धरणारा मनुष्य आहे आणि तो माझ्या व्यवसायाचा भाग आहे. तथापि अक्कांचे बोलणे मी येथे त्यांच्याच शब्दांत देत आहे. ते शुद्ध करून लिहिले, तर त्यातून अक्का निघून जातील.

माझे शिक्षण नववीपर्यंत झालेले आहे. परंतु जळगावला कचेरीच्या भिंतीलगत पत्र्याच्या शेडमध्ये माझे टेबल आहे, आणि तेथे बसून मी आजवर जितक्या लोकांचे म्हणणे शासनदरबारी मांडले, तितके एखाद्या पदवीधराने ऐकलेही नसेल. सदर बाईंशी माझा परिचय त्या टेबलापाशीच झाला. त्या निराधार पेन्शनचा अर्ज लिहून घेण्यास आल्या होत्या. नाव, वय, पत्ता झाल्यावर मी रीतसर विचारले, "व्यवसाय?"

"पोरीस्ना डोका करस."

"म्हणजे?"

"म्हंजे डोका. येनी, अंबाडा, गजरा. आनि तोंडं रंगाडस. नाचनाऱ्या पोरीस्ना."

मी क्षणभर विचार केला आणि लिहिले: 'अर्जदार ही बाल नृत्यकलाकारांची केशभूषा व रंगभूषा करून आपली उपजीविका करते.' कच्चे वाक्य पक्क्या कागदावर उतरवण्यापूर्वी ते अर्जदारास मोठ्याने वाचून दाखवायचे, असा माझा शिरस्ता आहे. आपले म्हणणे आपल्याच कानांनी ऐकल्याशिवाय ते आपले आहे की नाही, हे माणसाला कळत नाही. मी वाचले. अक्का म्हणाल्या, "परत वाचा." मी परत वाचले.

"हाई मी शे?"

"आपणच."

"मंग माले पेन्शन कसाले लागी? एवढी मोठी बाई मी!"

सगळी शेड हसली. त्या दिवसापासून त्यांनी मला 'वकीलसाहेब' म्हणायला सुरुवात केली. त्यात थट्टा होती हे मला समजत असे. पण थट्टेच्या खाली थोडा आदरही होता, असे मी आजही मानतो. त्या मेहरूणमध्ये आमच्याच गल्लीच्या टोकाला राहतात, हेही मला त्याच दिवशी कळले. पुढे माझी मुलगी हर्षदा नृत्याच्या क्लासला जाऊ लागली, आणि ज्या हातांचे वर्णन मी अर्जात केले होते, ते हात मला जवळून पाहायला मिळाले.

त्यांच्याजवळ एक पत्र्याची पेटी असे. तिच्यात तोंडाला लावायच्या पॅनकेकच्या डब्या, काजळ, ओठ रंगवण्याचे बारीक ब्रश, आकडे, जाळ्या, काळा दोरा आणि कापडात गुंडाळलेली गंगावने. बायकांच्या कंगव्यात निघालेले केस वर्षभर साठवून ही गंगावने त्या स्वतः बनवीत. आखूड केसांच्या मुलीच्या वेणीत गंगावन गुंफले, की वेणी कमरेच्या खाली जाई. आमच्याकडच्या उन्हात मुलीचे तोंड रंगवणे म्हणजे तव्यावर लोणी थापणे. म्हणून रंग लावण्यापूर्वी रुमालात बर्फ बांधून त्या मुलींच्या गालांवरून फिरवीत. मुली ओरडत. मग भुवया आणि डोळे त्या इतके ठळक काढत, की जवळून पाहिले तर भीती वाटावी. एका आईने तसे बोलून दाखवले तेव्हा अक्का म्हणाल्या, "तुमी आठे उभ्या शेतस. शेवटली खुर्चीवर जो मानूस बसेल शे, त्याले डोया दिसाले पाहिजेत."

वेणी घालून झाली की परीक्षा असे. मुलीला उभे करायचे, वेणी मुठीत धरायची आणि एक हिसका द्यायचा. मुलीच्या डोळ्यांत पाणी येई. "रडू नको, काजय उतरी जाई. रडनं शे ते नाचीसन ये, मंग आपुन दोन्ही रडूत." या हिसक्यामुळे मुली त्यांना भीत, आणि याच हिसक्यामुळे अक्कांनी सजवलेल्या मुलीच्या डोक्यावरून रंगमंचावर साधा आकडाही पडल्याचे कोणी पाहिले नव्हते. क्लासच्या मॅडम हे अभिमानाने सांगत.

त्यांचे आणखी दोन नियम होते. पहिला: मुली तयार होत असताना पडद्याच्या आत पुरुष नको. "बाप नही, भाऊ नही, कलेक्टर बी नही." दुसरा मुलींसाठी: नाचताना काहीही पडले, पैंजण असो की फूल, वाकून उचलायचे नाही. "पडनं ते पडनं. ते धरतीनं व्हयनं. तू नाच."

पूर्वा या क्लासला आली तेव्हा नऊ-दहा वर्षांची असेल. तिचा बाप संजय आमच्याच गल्लीतला. विहिरीवरच्या जळालेल्या मोटारी पुन्हा बांधून देण्याचे त्याचे दुकान आहे. तांब्याची तार तो अशी गुंडाळतो, की पाहत राहावे. दुसऱ्याने बांधलेली मोटार उघडली, तर ती शहरात कोणाच्या हातची आहे हे तो नुसते वेटोळे पाहून सांगतो. संजयचे आणि त्याच्या बायकोचे, ज्योतीचे, पटले नाही. ती धुळ्याला भावाकडे निघून गेली. प्रकरण कोर्टात न नेता दोन्हीकडच्या चार लोकांनी बसून मिटवले: मुलगी बापाकडे राहील, आईने तिला भेटायचे नाही. तसा कागद झाला. तो कागद माझ्या हातचा नव्हता. माझ्याकडे आले असते, तर अशा कागदाला कायद्यात किंमत नाही, हे मी त्यांना स्पष्ट सांगितले असते. परंतु आमच्या भागात चार लोकांनी बसून केलेला कागद कोर्टाच्या हुकमापेक्षा जड असतो, हेही मला ठाऊक आहे.

संजय वाईट माणूस नाही, हे येथे नमूद करणे मला आवश्यक वाटते. तो स्वयंपाक करी, मुलीचा डबा भरी, तिला मोटारसायकलवर क्लासला आणून सोडी. घरात बाईमाणूस नव्हते. "नाना, मला सगळं जमलं, वेणी जमली नाही," असे तो मला एकदा म्हणाला होता. म्हणून त्याने पूर्वाचे लांब केस मानेपर्यंत कापून आणले. भेटीच्या बाबतीत मात्र तो दगड होता. "सुरुवातीला दोनदा भेटवली, नाना. भेटून आली की पोर आठ-आठ दिवस धड जेवत नव्हती. भिंतीकडे तोंड करून झोपायची. ते मला बघवत नाही. त्यापेक्षा नकोच."

शाळेच्या संमेलनासाठी पूर्वा पहिल्यांदा अक्कांपुढे बसली, तेव्हा मी दाराशी हर्षदाला सोडायला गेलो होतो. अक्कांचा हात सवयीने तिच्या पाठीमागे गेला आणि तिथेच थांबला. सोडायला वेणीच नव्हती. कापलेले केस मोकळे होते. अक्कांनी हात तसाच हवेत धरला, मग पेटीतून कंगवा घेण्याचे निमित्त केले.

पुढच्या कार्यक्रमाला पूर्वानेच विचारले. हर्षदा शेजारी बसलेली होती, तिने ते ऐकले.

"अक्का, माझी वेणी कधी सोडाल तुम्ही?"

"तुनी येनी कोठे शे, बाय?"

"नाही ना. सगळ्यांची सोडता तुम्ही. माझी कधीच नाही."

अक्कांनी तिच्या केसांत गंगावन गुंफले, काळ्या दोऱ्याने आवळले, आणि हिसका द्यायच्या वेळी तो न देता नुसतीच पाठीवर थाप मारली. त्या मुलीला नाचायची हौस होती. पण कार्यक्रमाच्या दिवशी घरून आईच्या हातची वेणी घालून यावे आणि अक्कांनी ती निर्दयपणे सोडावी, ही हौस त्याहून मोठी होती. हे गल्लीतल्या सगळ्या बायकांना कळत होते. संजयपाशी कोणी बोलत नव्हते.

त्यानंतर एका उन्हाळ्यात धुळ्याला समूहनृत्याची स्पर्धा होती. मुलींना घेऊन एक छोटी गाडी निघाली. मॅडम, अक्का, दोघी-तिघी आया, आणि पालकांच्या वतीने जबाबदार पुरुष म्हणून मी. एरंडोल, पारोळा मागे पडेपर्यंत खिडकीतून येणारा वारा भट्टीसारखा झाला होता. पूर्वा सगळ्या रस्त्याने खिडकीला चिकटून बसली होती. धुळे जवळ आले तशी ती प्रत्येक दुकानाच्या पाट्या वाचू लागली, मोठ्याने, एकही न सोडता. तिची आई त्याच शहरात होती, आणि तिला ते माहीत होते.

सभागृहाच्या मागच्या खोलीत अक्कांनी पेटी उघडली आणि मला बोलावले. "वकीलसाहेब, खुर्ची टाका आनि दारमा बसा. कोन्हा बी मानूस आत नको. तुमना शब्द कोन्ही मोडाव नही." ही कामगिरी योग्य व्यक्तीकडे सोपवली गेली होती, असे मला वाटले. मी खुर्ची टाकून बसलो.

थोड्या वेळाने एक बाई आली. अंगात सनकोट, डोक्यापासून हनुवटीपर्यंत स्कार्फ गुंडाळलेला, नुसते डोळे दिसणारे. आमच्याकडे उन्हाळ्यात घराबाहेर पडणारी प्रत्येक बाई अशीच असते. हातात गजऱ्यांची ओली पिशवी. मी चौकशी करणार, इतक्यात आतून अक्का म्हणाल्या, "गजरावाली शे. येऊ द्या." मी येऊ दिले. ती ज्योती होती, हे मला तेव्हा ठाऊक नव्हते. मुलींपैकीही कोणाला ठाऊक नव्हते.

आत काय झाले ते मला नंतर हर्षदाने सांगितले. पूर्वा पाठमोरी बसलेली होती. अक्का तिला म्हणाल्या, "डोया मीट. मी सांगस तवलोक उघाडू नको." मग त्यांनी कंगवा आणि गंगावन त्या गजरेवालीच्या हातात दिले आणि स्वतः दुसऱ्या मुलीच्या भुवया काढायला वळल्या. ती बाई स्कार्फ न सोडता पूर्वाच्या मागे बसली. तिने त्या आखूड केसांना हात लावला, आणि पूर्वाच्या मिटलेल्या डोळ्यांतून पाणी आले. अक्कांनी ते कापसाने टिपले. 'रडू नको' असे त्या म्हणाल्या नाहीत.

नेमका त्याच वेळी संजय दारात येऊन उभा राहिला. तांब्याची तार घ्यायला तो धुळ्याला आला होता आणि घरी विसरलेली पूर्वाची नथ सोबत घेऊन आला होता. "नाना, एवढी नथ तिला देऊन येतो."

"पुरुषांना आत प्रवेश नाही."

"अहो, माझीच पोर आहे."

"बाप नाही, भाऊ नाही, कलेक्टरही नाही. नियम म्हणजे नियम, संजय. नथ माझ्याकडे द्या."

"मीच देतो. तिचं तोंड बघायचंय रंगवलेलं." तो हसला आणि भिंतीला टेकून उभा राहिला. एका हातात नथेची पुडी, दुसऱ्या हातात पाण्याची बाटली. आतून अक्कांचा आवाज येत होता: "डोया मिटेल ऱ्हाऊ दे. हालू नको." संजय म्हणाला, "म्हातारी कडक आहे, पण काम चोख." काही वेळाने ती स्कार्फवाली रिकामी पिशवी घेऊन बाहेर आली. बोळ अरुंद होता. संजयने अंग चोरून भिंतीला पाठ लावली आणि म्हणाला, "या ताई, निघा." ती खाली पाहत त्याच्या अगदी जवळून निघून गेली.

मुली बाहेर आल्या तेव्हा संजयने पूर्वाला नथ दिली. नाच चांगला रंगला होता. मी पहिल्या रांगेत होतो, संजय माझ्या शेजारी. मुली गोल फिरू लागल्या तेव्हा मला पूर्वाच्या डोक्यामागे काहीतरी लोंबताना दिसले. पुढच्या गिरकीला तिची वेणी मुळापासून सैल झाली आणि गंगावन, गजऱ्यासकट, रंगमंचाच्या मधोमध पडले. सभागृहात हशा पिकला. इतर मुली फिरत राहिल्या. पूर्वा थांबली. ती वाकली, वेणी उचलली, दोन्ही हातांनी छातीशी धरली आणि तशीच उभी राहिली. बाकीच्या मुली तिला अडखळल्या. गाणे संपेपर्यंत ती जागची हलली नाही.

मागच्या खोलीत मॅडमचा संताप अनावर झाला होता. आता सगळेच आत शिरले होते. "अक्का, इतक्या वर्षांत तुमची पिनसुद्धा पडली नाही! आणि आज, धुळ्यात, अख्खी वेणी? आणि तू गं, उचललीस कशाला? काय शिकवलंय तुला?"

"माले बोला, मॅडम. पोरले नका बोलू. हात हलका पडना मना. चूक मनी शे."

"चूक! वर्षभराची मेहनत मातीत गेली."

"बठ्ठी चूक मनी शे," सगळी चूक आपल्याकडे घेत अक्का पुन्हा म्हणाल्या आणि पेटीत डब्या भरू लागल्या.

संजय पूर्वासमोर उकिडवा बसला होता. तिच्या हातातली वेणी त्याने घेतली नाही. तिचे टोक फक्त उचलून पाहिले, दुकानात मोटार उघडल्यावर पाहतो तसे. अक्का वेणी नेहमी तीन पेडांची घालत. ही पाच पेडांची होती, ज्योती पूर्वी पूर्वाची घालत असे तशी. त्याने टोक खाली ठेवले. उठून बाहेर आला आणि मला बाजूला घेऊन विचारले, "नाना, दारात तुम्ही होता. आत कोण गेलं होतं?"

"अक्का, मॅडम, आया. आणि ती गजरेवाली. तुम्ही पाहिलीत ना."

तो त्या अरुंद बोळाकडे वळून पाहू लागला. मग म्हणाला, "मी तिला वाट दिली." त्याने पूर्वाला आमच्या गाडीत बसू दिले नाही. एसटीने घेऊन गेला. अक्का परतीच्या वाटेवर पुढच्या सीटवर मांडीवर पेटी घेऊन बसल्या.

मी दुसऱ्या दिवशी त्यांच्या ओट्यावर गेलो. मला खुलासा हवा होता. कारण दारावर बसलेल्या माणसाला न सांगता ही गोष्ट केली गेली होती. "अक्का, चार लोकांचा कागद होता. भेटायचे नाही असे ठरले होते."

"ज्योतीना फोन उना. म्हने, अक्का, मी तोंड दाखाडाव नही, बोलाव नही. एकदा केसंले हात लावू द्या." त्यांनी माझ्याकडे पाहिले, आणि डोळ्यांत ती जुनी थट्टा क्षणभर आली. "वकीलसाहेब, कागदमा भेटानं नही लिखेल शे. येनी घालानं नही, असं कोठे लिखेल शे?"

कायद्याच्या दृष्टीने हा मुद्दा दुर्बल नाही. तरी मी विचारले, "ते असो. पण ती गेल्यावर तुम्ही वेणी सोडून पुन्हा घट्ट घालायची होती. तुमचाच नियम आहे."

अक्का हाताची बोटे पुढे धरून म्हणाल्या, "हात गया व्हता. रबर धरं बी. पन इतला वरीसमा पहिल्यांदा त्या पोरना डोकावर सोडासारखी येनी व्हती, वकीलसाहेब. माले सोडता नही उनी."

चार-पाच दिवसांनी संजय माझ्या टेबलापाशी आला. अक्कांविरुद्ध तक्रार लिहा, म्हणाला. मी कोरा कागद घेतला. "गुन्हा काय लिहू?"

"फसवलं मला. माझ्या परवानगीशिवाय माझ्या पोरीला हात लावू दिला."

"कोणाला?"

"तिच्या आईला."

"त्या आईने केले काय, ते सांगा. अर्जात कृत्य लिहावे लागते."

तो अडखळला. "वेणी घातली."

मी लिहिले, आणि माझ्या शिरस्त्याप्रमाणे मोठ्याने वाचले: "अर्जदाराची अज्ञान मुलगी पूर्वा हिच्या केसांची, अर्जदाराची परवानगी न घेता, तिच्या आईने वेणी घातली."

शेजारच्या टेबलावरचे लोक मान वळवून पाहू लागले. संजय म्हणाला, "परत वाचा." मी परत वाचले. तो आपल्या बोटांकडे पाहत होता. तारेने त्यांची टोके कायमची काळी-तांबूस झालेली आहेत.

"एवढंच झालं?"

"तुम्ही सांगितले तेवढेच मी लिहिले."

"राहू द्या, नाना. फाडा तो कागद." मी फाडला. वाटले, आता हा माणूस काहीतरी वेगळे बोलेल. तो उठला, खुर्ची नीट सरकवून ठेवली आणि म्हणाला, "पण क्लास बंद. आता नाच नाही."

त्याने शब्द पाळला. पूर्वाचा नाच बंद झाला. तक्रार झाली नाही; पण मॅडमनी पुढच्या कार्यक्रमाला ब्युटी पार्लरच्या दोन मुली बोलावल्या. धुळ्याची गोष्ट शाळांमधून पसरली: अक्कांचा हात आता हलका पडतो. खरे काय ते सांगण्यास मी अक्कांना दोनदा सुचवले; निवेदन तयार करून देण्याचीही तयारी दाखवली. त्या म्हणाल्या, "सांगं ते पोरना बापनं नाव निंघी, मायनं निंघी. मना हात हलका पडना, एवढंच ऱ्हाऊ द्या." संजयलाही मी सांगून पाहिले, की कोर्टातून भेटीचे दिवस ठरवून घेणे दोघांच्या हिताचे आहे. तो ऐकून घेतो. आजपर्यंत त्याने काही केलेले नाही, आणि पूर्वा आजही आईला भेटत नाही.

काम थांबल्यावर अक्कांना मेहरूणात राहण्यासारखे काही उरले नाही. त्या शिंदखेड्याला भाच्याकडे जायला निघाल्या, आणि तिथेच गेल्या हिवाळ्यात वारल्या. मला त्यांचे शेवटचे दर्शन झाले ते जळगावच्या बस स्थानकावर. त्यांची पेटी गाडीत चढवायला मी गेलो होतो.

गाडी लागली होती, इतक्यात शाळेच्या गणवेशात पूर्वा धावत आली. मी फाटकाकडे पाहिले. बाहेर मोटारसायकलवर संजय बसलेला होता. तो आत आला नाही. पण तिला घेऊन तोच आला होता. पूर्वाचे केस आता खांद्याखाली आले होते आणि त्यांची एक छोटी, वेडीवाकडी वेणी घातलेली होती. अक्कांनी तिला वळवून पाहिले.

"पाचपेडी? कोनी घाली?"

"मीच."

"कोनी शिकाडी तुले?"

"कोणी नाही. डोळे मिटलेले होते ना त्या दिवशी. मी मोजत होते."

अक्कांचा हात सवयीने तिच्या वेणीच्या टोकाकडे गेला आणि रबर धरून थांबला. पूर्वा पाठमोरी उभी होती. तिने डोळे घट्ट मिटले होते. म्हणाली, "सोडा ना, अक्का. आता तरी सोडा."

कंडक्टरने घंटी दिली. अक्कांनी रबरावरचा हात काढून घेतला. "नही, बाय," त्या म्हणाल्या. "आते तुले कोठे नाचनं शे? ऱ्हाऊ दे ढिलीच."

त्या गाडीत चढल्या. गाडी निघून गेल्यावर पूर्वा फाटकाकडे चालू लागली, आणि तिथे पोचेपर्यंत तिची वेणी निम्मी सुटली होती. संजयने ती पाहिली. पूर्वा मागे बसेपर्यंत तो थांबला, आणि मोटारसायकल अगदी हळू चालवत घेऊन गेला.